परत आलेले १७ मेल

२०२५ च्या जूनमध्ये मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची सचिव झाले. चार विंग, ९६ सदनिका. आधीच्या सचिवांनी दप्तर माझ्या हवाली केलं. त्यात ठरावांच्या वह्या होत्या, सभासदांच्या नोंदींचं आय आणि जे रजिस्टर होतं, शेअर सर्टिफिकेटांची फाइल होती, आणि एका पेनड्राइव्हवर सभासदांच्या ईमेल पत्त्यांची एक्सेलमधली यादी होती. रजिस्टरं मी पानन् पान तपासून घेतली. यादी मात्र उघडून नुसती वरून खाली पाहिली आणि बंद केली.

आमच्याकडचे ३८ मालक इथे राहत नाहीत. कोणी पुण्याला, कोणी बंगळूरला, दोघं दुबईत, एक काकू चिपळूणला. त्यांच्या घरांत भाडेकरू आहेत. इथे राहणाऱ्यांच्या हातात नोटीस देऊन वहीत सही घेता येते, पण बाहेरच्यांपर्यंत पटकन पोचायचं तर ईमेलच. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. सभा २८ तारखेला, रविवारी ठरली. म्हणजे १३ सप्टेंबर हा शेवटचा दिवस. विषयपत्रिकेत दोन लिफ्ट बदलायचा ठराव होता आणि त्यासाठी घरटी वर्गणी काढायची होती. असा विषय असला की एखाद्याने उभं राहून ‘मला नोटीसच मिळाली नाही’ म्हटलं तर ठरावच अडचणीत येतो. त्यामुळे ही नोटीस प्रत्येकाला पोचणं मला फार महत्त्वाचं वाटत होतं.

शनिवारी अनंत चतुर्दशी झाली. सोमवारी, ८ तारखेला संध्याकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात बसले. यादीतले ९१ पत्ते कॉपी केले, गुप्त प्रतीच्या (बीसीसी) रकान्यात टाकले, नोटीस आणि हिशोबपत्रकं जोडली आणि पाठवा म्हटलं.

मेल गेलाच नाही. एक पत्ता ओळखता येत नाही, सगळे पत्ते नीट लिहिले आहेत का पाहा, असा निरोप पडद्यावर आला. चूक एका पत्त्यात होती, पण अडकले ९१ जण. बारकाईने पाहिलं तर ‘जीमेल’ आणि ‘कॉम’ यांच्या मध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम होता. स्वल्पविराम ही दोन पत्ते वेगळे करायची खूण आहे, म्हणून संगणकाने त्याचे दोन तुकडे केले होते. एक ‘अमुक@जीमेल’ आणि दुसरा नुसता ‘कॉम’. तो दुरुस्त केला तर दुसऱ्या पत्त्यावर अडलं. तिथे नवरा-बायकोचे दोन पत्ते एकाच चौकटीत तिरकी रेघ मारून लिहिले होते, म्हणजे एका पत्त्यात दोनदा @. तिसऱ्या ठिकाणी @ नव्हतंच. फोनवर कोणीतरी ‘ॲट द रेट’ सांगितलं आणि लिहून घेणाऱ्याने ते इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं टंकलं होतं.

या चिन्हाला आपण ‘ॲट द रेट’ म्हणतो ते व्यापारातल्या जुन्या वापरावरून. इतके नग, अमुक भावाने, असं लिहायला ते वापरायचे. १९७१ मध्ये नेटवर्कवरून पहिला ईमेल पाठवणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि त्याच्या यंत्राचं नाव वेगळं करायला तेच निवडलं. पत्ता लिहून घेताना ही फोड डोक्यात असली की फार उपयोग होतो. @ च्या अलीकडे माणूस, पलीकडे ठिकाण. पुढच्या चार दिवसांत मी प्रत्येक चूक याच दोन खणांत टाकून पाहिली.

तिन्ही पत्ते नीट केल्यावर मेल गेला. मी दिवा मालवून घरी आले. जेवण होऊन रात्री दहाला इनबॉक्स उघडला तर १७ मेल परत आलेले.

परत आलेला मेल दिसायला भीतिदायक असतो. पाठवणाऱ्याच्या जागी ‘मेलर-डिमन’ असं नाव, खाली इंग्रजीत लांबलचक मजकूर, आकडे, सर्व्हरांची नावं. आमच्या कमिटीतल्या एकाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘असे मेल आले की डिलीट करायचे, ते स्पॅम असतात.’ आधीच्या वर्षांत काय होत असेल हे मला तेव्हा कळलं. दरवर्षी १०-१५ नोटिसा परत येत असणार आणि त्या परत आल्याचा कागदच फेकून दिला जात असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे १७ छापून काढले. कागदावर शाईने खुणा केल्याशिवाय मला गोष्टी समजत नाहीत. तासाभरात लक्षात आलं की एवढ्या मजकुरात कामाची ओळ एकच आहे. तिच्यात आधी तीन आकडी संख्या असते, बहुतेकदा ५५० किंवा ५५३, आणि तिला लागून टिंबांनी जोडलेले तीन आकडे. ५.१.१ किंवा ५.१.२ असे. यांचा अर्थ ठरलेला आहे, १९९६ पासून त्यांचं मानक आहे. पहिला आकडा ५ असला तर नकार कायमचा, कितीही वेळा पाठवा, जाणार नाही. ४ असला तर अडचण तात्पुरती, यंत्र स्वतःच पुन्हा प्रयत्न करतं. मधला १ म्हणजे घोळ पत्त्याचा आहे. शेवटचा आकडा कुठे बिघडलं ते सांगतो. १ म्हणजे ठिकाण बरोबर, पण त्या नावाचं तिथे कोणी नाही. २ म्हणजे ठिकाणच सापडत नाही. ३ म्हणजे पत्त्याची मांडणीच चुकली आहे.

पोस्टमन पाकिटावर शेरा मारून पत्र परत आणतो, तसंच हे. ‘या नावाचे कोणी राहत नाही’ आणि ‘पत्ता अपूर्ण’ हे दोन वेगळे शेरे आहेत आणि त्यांवर करायची कामंही वेगळी आहेत. मी शेवटच्या आकड्याप्रमाणे कागदांचे तीन गठ्ठे केले. पहिल्यात ९, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ३.

दुसरा गठ्ठा सर्वांत सोपा होता. दोन पत्त्यांत ‘कॉम’ चं ‘कॉन’ झालं होतं, कारण एम आणि एन कळफलकावर शेजारी-शेजारी आहेत. एका ठिकाणी ओ च्या जागी शेजारचा आय पडून ‘सीआयएम’ झालं होतं, एकात शेवटचा एम दोनदा होता. पाचव्यात पत्ता अक्षरशः बरोबर होता, पण शेवटी पूर्णविराम होता. कोणीतरी ‘माझा ईमेल पत्ता अमुक आहे’ असं वाक्य लिहून पाठवलं असणार आणि वाक्यासोबत पूर्णविरामही यादीत आला. परत आलेल्या त्या मेलमध्येच लिहिलं होतं की पत्त्याच्या शेवटी मोकळी जागा, टिंब किंवा दुसरं चिन्ह राहिलं आहे का ते पाहा. वाचलं असतं तर गेल्या वर्षीच कळलं असतं.

पाच मिनिटांत पाच दुरुस्त झाले. नोटीस पुन्हा पाठवली, आणि त्यातल्या एकाचा मेल तासाभरात परत. पत्ता दुरुस्त करूनही! चूक यादीत राहिली नव्हती. मी मेल लिहिताना नावाची पहिली अक्षरं टंकली आणि संगणकाने आदल्या दिवशीचा चुकीचा पत्ता आपणहून पुढे केला. ज्या पत्त्यावर एकदा मेल जातो तो संपर्कांत जतन होतो, चुकीचा असला तरी. यादी सुधारून भागत नाही, तिथूनही तो काढून टाकावा लागतो. तेव्हापासून मी प्रत्येक दुरुस्तीला वहीत दोन रकाने केले, एक यादीसाठी आणि एक संपर्कांसाठी.

तिसऱ्या गठ्ठ्याने मला मंगळवारची सगळी दुपार बसवलं.

पहिल्या पत्त्यात माणसाचं नाव आणि पुढे जन्मसाल होतं. मी तो दहा वेळा वाचला. त्या सभासदांना फोन करून अक्षर अक्षर वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘बरोबर आहे, वहिनी. हाच आहे.’ मग माझ्या लक्षात आलं. अक्षरं इंग्रजी होती, पण सालाचे चारही आकडे देवनागरी होते. मोबाइलवर मराठी कळफलक चालू असताना आकडे टंकले की ते अनेकदा मराठी येतात. आपल्याला दोन्ही सारख्याच सरावाचे, त्यामुळे डोळा अडतच नाही. वाचून दाखवलं तरी उच्चार तोच. यंत्राच्या लेखी मात्र इंग्रजी १ आणि देवनागरी १ ही दोन वेगळी चिन्हं आहेत, जशी ‘क’ आणि ‘ख’.

याचा अर्थ देवनागरी अक्षरं ईमेल पत्त्यात चालतच नाहीत असा नाही. इंग्रजीखेरीज इतर लिपींतल्या पत्त्यांसाठी २०१२ मध्ये मानक आलं आणि २०१४ पासून ‘.भारत’ हे डोमेनही, म्हणजे @ च्या पलीकडचं ठिकाणाचं नाव, आहे. संपूर्ण मराठीत पत्ता असू शकतो, आणि तो असावा असं मला मनापासून वाटतं. पण पाठवणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि वाटेतल्या यंत्रांनी ते मानक स्वीकारलेलं असायला हवं. आणि आमच्या सभासदांनी खातं उघडलं होतं ते इंग्रजी आकड्यांनीच. चार आकडे बदलले आणि नोटीस पोचली.

दुसऱ्या पत्त्यात असं काहीच दिसत नव्हतं. सगळी अक्षरं इंग्रजी, आकडा एकही नाही, टिंब जागच्या जागी. बी विंगमधली एक मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला बोलावलं. ती म्हणाली, ‘काकू, पत्ता वाचू नका. त्याच्यातून चालत जा.’ मी कर्सर पत्त्याच्या सुरुवातीला नेला आणि उजवा बाण एकेकदा दाबत गेले. एक दाब, एक अक्षर. एक दाब, एक अक्षर. सातव्या अक्षरानंतर बाण दाबला आणि कर्सर हललाच नाही. पुन्हा दाबला, तेव्हा पुढे गेला. त्या दोन अक्षरांच्या मध्ये काहीतरी होतं, ज्याला रुंदी नव्हती.

तिने शेजारच्या चौकटीत लांबी मोजायचं ‘लेन’ हे सूत्र घातलं. पत्त्यात मला २१ अक्षरं मोजता येत होती, उत्तर आलं २२. मग ते जास्तीचं अक्षर वेगळं काढून त्याचा युनिकोडमधला क्रमांक विचारला, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेला असतो तो. ८२०५.

८२०५ म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना तो माहीत असतो. ‘तर्‍हा’, ‘वर्‍हाड’, ‘कुर्‍हाड’ या शब्दांतला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र काढायला युनिकोडमध्ये याच अदृश्य चिन्हाची मदत घेतात. तो नसता तर ‘तर्हा’ असा रफार दिसला असता. आमची जुनी यादी मराठी नावांसकट एकाच चौकटीत टंकलेली होती, नंतर कोणीतरी नावं आणि पत्ते वेगळे केले, आणि नावातला हा जोडक पत्त्याला चिकटून आला. आपल्या भाषेच्या सोयीचं एक चिन्ह, पण भलत्या जागी गेल्यामुळे एका सभासदाची नोटीस अडवून बसलं होतं. मला ते पाहून राग नाही आला, उलट इतकी लहान गोष्ट हाती लागल्याचा आनंद झाला.

तिसऱ्यातली अडचण त्याच जातीची निघाली. क्रमांक १६०, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, वेबपानावरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलं की येते ती. जागा काढून टाकायचं एक्सेलचं ‘ट्रिम’ हे सूत्र साध्या मोकळ्या जागा काढतं, पण १६० ला हात लावत नाही. ‘क्लीन’ हे सूत्रही फक्त पहिली ३२, न दिसणारी नियंत्रक चिन्हं काढतं. त्यासाठी ‘सबस्टिट्यूट’ वापरून १६०, ८२०३, ८२०४ आणि ८२०५ या चारही क्रमांकांच्या जागी काहीच नाही असं घालावं लागतं (८२०३ आणि ८२०४ हीही शून्य रुंदीची चिन्हंच). त्या मुलीने एकच लांब सूत्र लिहून सगळ्या यादीवर फिरवलं. आणखी दोन पत्त्यांतून अशा जागा निघाल्या, पण त्या अगदी टोकाला होत्या आणि मेल पाठवतानाच छाटल्या जात होत्या, म्हणून ते पत्ते चालत होते.

पहिला गठ्ठा उरला. नऊ जण. इथे पत्त्याची मांडणी बरोबर होती, ठिकाण बरोबर होतं, माणूस सापडत नव्हता. हे काम संगणकाचं नव्हतं. मी कपाटातून सभासदांचे मूळ माहिती अर्ज काढले, २००९ पासूनचे, हाताने भरलेले.

एका अर्जावर याहूचा पत्ता होता. यादीत नाव आणि आडनाव सलग होतं. अर्जावरही सलगच दिसत होतं. मी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. अर्जावर पत्ता लिहायला छापील रेघ होती, आणि नाव-आडनावाच्या मध्ये त्या रेघेवर किंचित निळी शाई गेली होती. सभासदाने तिथे अंडरस्कोर, म्हणजे अक्षरांच्या तळाशी येणारी आडवी रेघ, काढला होता. तो छापील रेघेवर बरोबर बसला आणि दिसेनासा झाला. टंकणाऱ्याने जे दिसलं ते टंकलं. चूक कोणाचीच नव्हती, चूक त्या रेघेची होती.

उलटीही गोष्ट सापडली. दोन जीमेल पत्त्यांत अंडरस्कोर होता. जीमेलच्या नावात अक्षरं, आकडे आणि टिंब एवढंच चालतं, अंडरस्कोर घेऊन खातं उघडताच येत नाही. म्हणजे ते दोन पत्ते पाहताक्षणीच चुकीचे म्हणता आले असते. फोन केल्यावर कळलं, एकात ते टिंब होतं आणि दुसऱ्यात काहीच नव्हतं. जीमेलमध्ये टिंबाने फरक पडत नाही, नावात ते असो वा नसो, मेल त्याच पेटीत जातो. पण ही सवलत फक्त जीमेल.कॉम ला आहे. कंपनीच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर टिंब राहिलं तर तो दुसराच पत्ता होतो.

एका दांपत्याने दोघांची नावं तिरकी रेघ देऊन आणि पुढे एकच @ लावून लिहिली होती. हा पत्ता सुरुवातीला का अडला नाही याचं मला नवल वाटलं होतं. तिरकी रेघ @ च्या अलीकडे नियमाप्रमाणे चालते! अधिक, उणे, बरोबर, प्रश्नचिन्हसुद्धा चालतं. म्हणून यंत्राला तो एकाच माणसाचा पत्ता वाटला आणि असा कोणी नाही म्हणून परत आला. आणखी एकाने पत्त्याच्या आधी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि टिंब लावलं होतं. तेही नियमात बसतं, पण त्या नावाचा माणूस नसतो. एका अर्जात आर आणि एन इतके जवळ लिहिले होते की त्यांचा एम झाला. एकात ओ की शून्य हा प्रश्न होता. दोघांनी पत्ते केव्हाच सोडले होते, एकाने नोकरीबरोबर, एकाने खातं बंद करून.

हे सगळं होईपर्यंत बुधवार उजाडला होता, १० तारीख. आणि त्या सकाळी या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत जास्त लागलेला मेल आला.

तो परत आलेला मेल नव्हता. एका अनोळखी गृहस्थांचं सभ्य उत्तर होतं. तुमचा मेल चुकून मला आला आहे, मी तुमच्या सोसायटीत राहत नाही, त्यात काही लोकांच्या थकबाकीचे आकडे आहेत, मी तो पुसून टाकत आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्या एका सभासदांच्या नावात एक ए जास्त पडला होता. तो पत्ता व्यवस्थित होता, अस्तित्वात होता, फक्त दुसऱ्या कोणाचा तरी होता. त्यामुळे काही परत आलं नाही. मी १७ परत आलेल्यांच्या मागे धावत होते आणि ७४ पोचले असं धरून चालले होते.

थकबाकीच्या यादीत ११ नावं होती. त्यातल्या दोन घरांची परिस्थिती मला माहीत आहे. एकीकडे आजारपण आहे, दुसरीकडे नोकरी गेली आहे. त्यांचे आकडे एका परक्या माणसाने वाचले होते आणि ते माझ्या हातून झालं होतं. मी त्या गृहस्थांची माफी मागितली आणि आभार मानले. चेअरमनना सांगितलं. मग त्या ११ घरांपैकी जे इथे होते त्यांच्या दारात जाऊन आणि बाकीच्यांना फोन करून काय झालं ते सांगितलं. एका आजोबांनी नुसतं ‘बरं झालं सांगितलंस’ म्हटलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या घरातली बाई बराच वेळ गप्प राहिली. ते गप्प राहणं माझ्या अजून लक्षात आहे.

त्या संध्याकाळी मी पद्धतच बदलली. पोचलं असेल असं धरायचं नाही. प्रत्येक पत्त्यावर दोन ओळींचा मेल पाठवला, काहीही न जोडता: ‘आपण अमुक विंगचे सभासद आहात का? असाल तर या मेलला फक्त मिळाला असं उत्तर द्या.’ गुरुवार रात्रीपर्यंत ६८ उत्तरं आली. आणखी दोन मेल अनोळखी लोकांना गेले होते हेही तेव्हाच कळलं, आणि त्यांनाही मी आधी ती हिशोबपत्रकं पाठवून बसले होते. त्या दोघांनाही पुसून टाकायची विनंती केली, एकाचं उत्तर आलं.

एक पत्ता मात्र ना परत येत होता ना उत्तर देत होता. शुक्रवारी त्याच्याबद्दल निरोप आला की मेल अजून पोचलेला नाही, प्रयत्न चालू आहेत. आकडा ४ ने सुरू होणारा. पाहिलं तर ‘कॉम’ मधला ओ गळला होता. ‘सीएम’ हे कॅमेरूनचं डोमेन आहे. सी गळला तर ‘ओएम’ राहतं, ते ओमानचं. एम गळला तर ‘सीओ’, कोलंबियाचं. एका अक्षराने मेल देश ओलांडतो, आणि ठिकाण खरं असल्यामुळे लगेच नकारही येत नाही. पलीकडून उत्तर आलं नाही तर पाठवणाऱ्या यंत्राने चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं असं मानक सांगतं. १४ दिवसांच्या नोटिशीत ते चार-पाच दिवस कोणाच्या हिशोबात धरायचे? म्हणून मेल पाठवल्यावर पाच दिवस इनबॉक्सवर लक्ष ठेवायला हवं, एक रात्र पुरत नाही.

शेवटी राहिल्या चिपळूणच्या काकू. त्यांचा मेल परतही आला नाही आणि उत्तरही नाही. फोन लावला.

‘अगं, तो ईमेल नातवाने काढून दिलाय. मला कुठला पाठ असणार?’

‘काकू, पत्ता सांगू नका. तुम्ही मला एक मेल पाठवा.’

हे मला त्या आठवड्यात सापडलेलं सर्वांत चांगलं औषध. पत्ता विचारला की तो सांगणारा, ऐकणारा, लिहिणारा आणि टंकणारा अशा चार हातांतून येतो. सभासदानेच मला मेल पाठवला तर त्याचा पत्ता यंत्र स्वतः लिहितं, टिंब न टिंब बरोबर. पण त्यासाठी माझा पत्ता तरी काकूंना टंकावा लागणार. मग मी त्यांना व्हॉट्सॲपवर आमचा पत्ता पाठवला आणि म्हटलं, नुसतं त्यावर बोट ठेवा. ‘उघडलं गं काहीतरी.’ आता वर नाव आलंय का सोसायटीचं? ‘आलंय.’ खाली काहीही लिहा आणि तो कागदी विमानासारखा बाण दाबा. बराच वेळ काही नाही. पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं, ते ऐकू येत होतं. मग माझ्या पडद्यावर मेल आला. मजकुरात एकच अक्षर होतं, ‘ग’. आणि वर पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचा खरा पत्ता, ज्यात आमच्या यादीतल्यापेक्षा एक आकडा जास्त होता.

शनिवारी, १३ तारखेला दुपारपर्यंत ८७ पत्त्यांवरून ‘मिळाला’ आलं. उरलेल्या चौघांना मी वाट न पाहता शुक्रवारीच स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली होती, पावत्या फाइलला लावल्या. परत आलेले १७ कागदही शेऱ्यांसकट तिथेच आहेत, प्रत्येकावर काय चूक होती आणि कधी दुरुस्त केली ते लिहून. सभेला लिफ्टचा ठराव चर्चेअंती मंजूर झाला. नोटिशीबद्दल कोणी हरकत घेतली नाही. थकबाकीची यादी आम्ही आता मेलला जोडत नाही, ती ऑफिसात येऊन पाहता येते.

ऑक्टोबरमध्ये कमिटीने माहिती अर्ज नवा केला. ईमेलसाठी रेघ काढून टाकली आणि एकेका अक्षराला एकेक चौकट दिली, चौकटीचा तळ उघडा ठेवून, म्हणजे अंडरस्कोर त्यात हरवणार नाही. खाली एक क्यूआर कोड आहे. तो स्कॅन केला की सोसायटीला लिहिलेला कोरा मेल उघडतो आणि फक्त पाठवा म्हणायचं असतं. तो मेल आला की आम्ही अर्जावर शिक्का मारतो. नोव्हेंबरमध्ये सी विंगमध्ये नवे सभासद आले, त्यांनी चौकटी भरल्या, कोड स्कॅन केला. मेलवरचा पत्ता आणि चौकटींतला पत्ता मी शेजारी-शेजारी धरून पाहिला. चौकटींत एक एल होता, मेलमध्ये त्या जागी १ होता. मी शाईने चौकट दुरुस्त केली, त्यांची सही घेतली आणि शिक्का मारला.